टर्मिनलमध्ये आलेख काढणारं 'रेघ': मराठी नावं आली की पट्ट्या का सरकतात?

भांडुपकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर घरी बसून एक पायथन पॅकेज लिहितोय, नाव 'रेघ'. काम एकच: टर्मिनलच्या, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या, काळ्या पडद्यावर, वेगळी खिडकी न उघडता, नुसत्या अक्षरांतून आलेख काढायचा. कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे. सध्या मी एका ठिकाणी अडकलोय, म्हणून हा धागा. आधी थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे मदत करणाऱ्याला सोपं जाईल.

सुरुवात ऑफिसच्या कामातून झाली. रात्री सर्व्हर कण्हायला लागला की घरून एसएसएचने (दूरच्या मशीनला टर्मिनलमधून जोडायची सोय) आत शिरायचं, लॉगमधले (सर्व्हरच्या नोंदींमधले) हजारभर आकडे डोळ्यांखालून घालायचे आणि मनातल्या मनात चढ-उतार जुळवायचे. त्या मशीनवर ना ब्राउझर, ना चित्र दाखवायची सोय, आणि नवीन काही टाकायची परवानगीही नाही. आकडे डाउनलोड करून लॅपटॉपवर चित्र काढेपर्यंत वीस मिनिटं जातात. तिथल्या तिथे एक वाकडीतिकडी रेघ दिसली असती तरी पुरे होतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम ठेवला: 'रेघ' दुसऱ्या कुठल्याही लायब्ररीवर (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडवर) अवलंबून राहणार नाही. एक फाइल कॉपी केली की चाललं पाहिजे.

रेषांचे आलेख ब्रेलच्या ठिपक्यांनी काढतो. यूनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) यू+२८०० या क्रमांकापासून २५६ ब्रेल चिन्हं आहेत. प्रत्येकात दोन उभ्या रांगा, रांगेत चार ठिपके. म्हणजे एका अक्षराच्या घरात आठ ठिपके पेटवता-विझवता येतात. ८० बाय २४ च्या साध्या टर्मिनलमध्ये १९२० घरं असतात, पण ठिपके मोजले तर १६० बाय ९६. एवढ्यात रेषेला बऱ्यापैकी आकार येतो. पहिला आठवडा एका गोष्टीत गेला, ती सांगून ठेवतो: ठिपक्यांचे क्रमांक सरळ वरून खाली जात नाहीत. डावीकडे १, २, ३ आणि तळाशी एकदम ७. उजवीकडे ४, ५, ६ आणि तळाशी ८. मूळची ब्रेल सहा ठिपक्यांची, खालचे दोन नंतर जोडले, म्हणून हा क्रम. त्यामुळे डाव्या रांगेच्या किमती १, २, ४, ६४ आणि उजव्या रांगेच्या ८, १६, ३२, १२८. मी आधी १, २, ४, ८ अशा ओळीने धरल्या होत्या आणि दर चौथ्या ठिपक्याला रेषा तुटत होती.

आडव्या पट्ट्यांसाठी माझा आवडता नमुना म्हणजे मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची साठवण क्षमता. पावसाळ्यात आमच्या घरी पेपर आला की आई आधी तो चौकोन उघडते. भातसा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, तुळशी ८,०४६. सगळे मिळून १४,४७,३६३. भातसाला ४० घरांची पट्टी दिली तर तुळशीच्या वाट्याला अर्ध्या घराहूनही कमी येतं. पूर्ण घरांतच पट्टी काढत होतो तेव्हा तुळशीची पट्टी शून्यावर यायची. आईला दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न, "तुळशी कुठाय?" मग यू+२५८८ ते यू+२५८एफ मधली, घराचे आठ भाग करणारी चिन्हं वापरली आणि तुळशी दिसू लागली.

आता अडचण. डावीकडे तलावाचं नाव, मग मोकळ्या जागा भरून सगळ्यात लांब नावाइतकी रुंदी, मग पट्टी, अशी मांडणी आहे. इंग्रजी नावांना सगळं सुतात येतं. मराठी नावं दिली की असं होतं:

भातसा, तानसा, मोडकसागर, विहार यांच्या पट्ट्या जागेवर. तुळशीची एक घर डावीकडे. मध्य वैतरणाची दोन घरं डावीकडे. ऊर्ध्व वैतरणाची तीन.

नेहमी एवढंच, ना कमी ना जास्त. लांबी पायथनच्या 'लेन' या मोजणीच्या आज्ञेने मोजतो. चार रात्री घालवल्या, काही उमगत नाही. कुणी यातून गेलंय का?

---

जुनाजाणता

धागा वाचून बरं वाटलं. गनुप्लॉट माहीत असेलच. ते १९८६ पासून आहे आणि त्यात 'डंब' नावाचं टर्मिनल आहे, जे ७९ बाय २४ मध्ये तारे आणि उभ्या-आडव्या खुणांनी आलेख काढतं. आम्ही ते छपाईयंत्रावर काढून भिंतीला लावत असू. पायथनमध्ये प्लॉटेक्स्ट आहे, ज्युलियात युनिकोडप्लॉट्स आहे. मग नवीन कशासाठी? नाउमेद करायला विचारत नाही, पण पॅकेज काढणाऱ्याने याचं उत्तर स्वतःशी पक्कं करावं, नाहीतर सहा महिन्यांनी हात गळतात.

अवलंबून न राहण्याचा नियम मात्र पटला. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं जावास्क्रिप्ट पॅकेज काढून घेतलं गेलं आणि जगभर लोकांची कामं अडली. ते काय करत होतं? अक्षरांच्या डावीकडे मोकळ्या जागा भरायचं. तुम्ही अडलात तेही तिथंच.

---

भांडुपकर

काका, प्रश्न योग्य आहे. गनुप्लॉट त्या सर्व्हरवर नाही आणि टाकताही येत नाही, हे एक. दुसरं, मला अक्षावर १० लाख, १ कोटी असे आकडे आपल्या पद्धतीच्या स्वल्पविरामांनी हवेत आणि नावं मराठीत हवीत. कामावर गरज नाही त्याची. पण घरी आईला, शेजारच्या मुलांना दाखवायला तेच लागतं. ही दोन्ही कामं एकत्र कुठं मिळाली नाहीत.

---

गिरगावकरीण

भांडुपकर, तुमचं कोडं सुटतं. मी फाँटवर काम करते, त्यामुळे हे रोजचंच आहे.

'लेन' अक्षरं मोजत नाही, यूनिकोडचे संकेत मोजतं. 'तुळशी' म्हणजे त, उकार, ळ, श, दीर्घ वेलांटी: पाच संकेत. पण टर्मिनलने त्याला चारच घरं दिली. का? टर्मिनल प्रत्येक संकेताच्या प्रकारावरून ठरवतं की याला घर द्यायचं की नाही. जे चिन्ह अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसतं, त्याला शून्य घर: मात्रा, अनुस्वार, उकार, रुकार, पाय मोडल्याची खूण. जे शेजारी जागा घेतं, म्हणजे काना, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, काना-मात्रा, त्याला एक घर. यूनिकोडमध्ये हे दोन वेगळे वर्ग आहेत. पहिल्याला एमएन म्हणतात, दुसऱ्याला एमसी. शाळेत बाई अक्षर गिरवून घ्यायच्या तेव्हा काना काढायला हात पुढे सरकायचा आणि उकाराला खाली जायचा, तोच भेद.

आता तुमची यादी घ्या.

भातसा, तानसा, विहार, मोडकसागर: यांत काने, वेलांटी, काना-मात्रा आहेत, पण मात्रा, उकार, जोडाक्षर एकही नाही. म्हणून 'लेन' आणि घरं जुळली.
तुळशी: एक उकार. एक घर कमी.
मध्य वैतरणा: 'ध्य'मधला मोडका पाय एक, 'वै'वरच्या दोन मात्रा मिळून एक संकेत. दोन कमी.
ऊर्ध्व वैतरणा: रफाराचा पाय, ध चा पाय आणि परत 'वै'. तीन कमी.

मोकळ्या जागा तुम्ही 'लेन'च्या हिशोबाने भरल्या, म्हणून जितकी घरं कमी तितकी पट्टी डावीकडे आली.

दुरुस्ती सोपी वाटेल: एमएन वगळून मोजा. पायथनच्या युनिकोडडेटा मोड्यूलमध्ये वर्ग विचारता येतो, बाहेरची लायब्ररी लागत नाही. फक्त एक सांगते, ही दुरुस्ती तुमच्या टर्मिनलपुरती आहे. हा नियम बऱ्याच जुन्या टर्मिनलांचा आहे. नवीन काही टर्मिनलं संकेत न मोजता अख्खं अक्षर मोजतात. २०२३ च्या यूनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षर हे एकच अक्षर धरायचा नियम आला. त्याआधी 'ऊर्ध्व'चे चार तुकडे पडायचे: ऊ, र्, ध्, व. आता दोन पडतात: ऊ आणि र्ध्व. मराठी माणसाला विचाराल तर तोही दोनच सांगेल, त्यामुळे नियम बरोबर आहे. पण एकाच शब्दाला एक टर्मिनल चार घरं देणार, दुसरं दोन. तुमच्या पॅकेजला आत बसून कसं कळणार की समोर कोण आहे?

---

भांडुपकर

ताई, काय सांगू! एक, दोन, तीन हे आकडे चार रात्री डोक्यात फिरत होते. एमएन वगळून मोजलं आणि सातही पट्ट्या एका रेषेत आल्या. मग तुमचं शेवटचं वाक्य आठवून फोनवरच्या टर्मक्स या टर्मिनल अॅपमध्ये चालवलं, आणि एका मित्राच्या लॅपटॉपवर. मित्राकडे ऊर्ध्व वैतरणा पुन्हा सरकली. तुम्ही म्हणालात तसंच.

---

सातवा फलाट

ओळखायचं कशाला, टर्मिनललाच विचारा. नाव छापा, मग एस्केप, [, ६, एन असा संदेश पाठवा. टर्मिनल उत्तरात कर्सर कुठल्या ओळीत, कितव्या घरात आहे ते पाठवतं. आधीचं घर वजा केलं की त्या नावाची खरी रुंदी हातात. कुठलाही तक्ता नको, यूनिकोडची कुठली आवृत्ती हा प्रश्नही नको.

त्याहून सोपं: मोजूच नका. नाव छापून झालं की एस्केप, [, १५, जी पाठवा. कर्सर थेट पंधराव्या घरात जातो, नाव कितीही लांब असो. तिथून पट्टी सुरू करा. व्हीटी१०० या जुन्या टर्मिनल-यंत्राच्या वंशातली ही सगळी पद्धत आहे, आजची बहुतेक टर्मिनलं ती पाळतात.

---

भांडुपकर

दोन्ही करून पाहिलं. सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणी याच वाटेने येईल.

विचारून रुंदी काढायची पद्धत घरच्या मशीनवर झकास चालली. एसएसएचवरून मात्र घोळ झाला. भांडुप ते दादर लोकलमध्ये उभा राहून फोनवरून जोडलं होतं. नेटवर्क गेलं-आलं की उत्तर उशिरा येतं, तोवर माझा प्रोग्रॅम वाट बघून पुढे गेलेला असतो. मग ते उत्तर पुढच्या कमांडच्या ओळीत कचऱ्यासारखं उमटतं. एकदा तर मी एंटर दाबला तेव्हा ते कमांडचाच भाग झालं. नुसता आलेख बघायला आलेल्या माणसाच्या कमांडमध्ये आपण काही घुसवणं मला मंजूर नाही. ही वाट बंद केली.

पंधराव्या घरात उडी मारायची पद्धत पडद्यावर निर्दोष आहे. पण निम्मा वापर पडद्यावर होतच नाही. लोक आलेख फाइलीत वळवतात, ईमेलमध्ये चिकटवतात, लॉगमध्ये ठेवतात. फाइलीत कर्सर नसतो, तिथं त्या उडीच्या जागी चार निरर्थक चिन्हं दिसतात. समोर खरं टर्मिनल आहे का हे 'इझएटीटीवाय'ने विचारता येतं, रंगांसाठी मी ते करतोच. (आणि कुणी 'नो_कलर' हे रंग नकोत असं सांगणारं सेटिंग लावून ठेवलं असेल तर रंग काढतच नाही.) पण मांडणीसाठी दोन वेगळ्या वाटा ठेवल्या तर पडद्यावरचं चित्र आणि फाइलीतलं चित्र वेगळं होतं. मग चाचण्यांना अर्थ उरत नाही. या पॅकेजच्या चाचण्या म्हणजे नेमकं तेच आहे: अपेक्षित आलेख मजकुराच्या फाइलीत ठेवलेला, आणि नवा आलेख त्याच्याशी अक्षर-अक्षर ताडायचा. चित्रांच्या लायब्रऱ्यांना हे सुख नाही. ते मला घालवायचं नाही.

म्हणजे परत पहिल्या घरात.

---

प्रयोगवही

मी शाळेत विज्ञान शिकवतो, प्रोग्रॅमिंग फारसं येत नाही. पण फळ्यावर आडव्या पट्ट्या रोज काढतो. नाव डावीकडे लिहायला घेतलं की 'सूर्यप्रकाश' आला की जागा पुरत नाही आणि सगळं पुसावं लागतं. म्हणून मी आधी उभी रेघ मारतो, पट्ट्या काढतो आणि नाव पट्टीच्या पुढे लिहितो. पुढे जागा मोकळीच असते. तुमच्याकडे असं चालणार नाही का?

---

गिरगावकरीण

सर, चालेल म्हणजे काय! ओळीत नावाच्या नंतर काहीच नसेल तर त्याची रुंदी कुणाला मोजायचीच नाही.

---

भांडुपकर

सर, मी तुमचा प्रतिसाद वाचून अर्धा तास नुसता बसून होतो. डावीकडे आकडे ठेवले, कारण प्रत्येक अंक आणि स्वल्पविराम एकच घर घेतो, मराठी असो की इंग्रजी, त्याबद्दल कुठल्याच टर्मिनलचं दुमत नाही. नाव सगळ्यात शेवटी.

```
७,१७,०३७ │████████████████████████████████████████ भातसा
२,२७,०४७ │████████████▋ ऊर्ध्व वैतरणा
१,९३,५३० │██████████▊ मध्य वैतरणा
१,४५,०८० │████████▏ तानसा
१,२८,९२५ │███████▎ मोडकसागर
  २७,६९८ │█▌ विहार
   ८,०४६ │▌ तुळशी
```

मित्राच्या लॅपटॉपवर, टर्मक्समध्ये, फाइलीत, ईमेलमध्ये, सगळीकडे पट्ट्या एकाच रेषेवरून निघतात. रुंदी मोजायचा सगळा कोड काढून टाकला, दोनशेच्या वर ओळी होत्या.

एक ठरवलंय ते सांगतो, मतभेद असेल तर लिहा. पट्टी नेहमी शून्यापासूनच सुरू होणार. तुळशी नीट दिसावी म्हणून अक्ष दुसरीकडून सुरू करायचा किंवा घातांकी मोजपट्टी लावायची, हे पट्ट्यांसाठी मी देणार नाही. पट्टीची लांबी म्हणजेच पाणी. लांबी खोटी केली की भातसा आणि तुळशीतला नव्वदपटीचा फरक नाहीसा होतो. रेषेच्या आलेखात वापरणाऱ्याने मागितलं तर देईन. तिथं डोळा उतार बघतो, लांबी नाही.

---

अर्धविराम

चांगली चर्चा चालली आहे, म्हणून इथेच विचारतो. मार्चमध्ये मी एक पुल रिक्वेस्ट (माझा बदल 'रेघ'च्या कोडमध्ये घ्या अशी विनंती) पाठवली होती. विंडोजवर पडद्यावर आलेख नीट येतो, पण फाइलीत वळवला की यूनिकोडएन्कोडएरर (हे चिन्ह लिहिता येत नाही अशी त्रुटी) येऊन सगळं थांबतं. पायथन ३.६ पासून तिथल्या कन्सोलवर यूटीएफ-८ (यूनिकोडची सगळी चिन्हं लिहायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) चालतं, पण वळवलेल्या फाइलीला जुनंच कोडपेज (मोजक्याच चिन्हांचा तक्ता) लागतं, त्यात ब्रेलही नाही आणि पट्टीचे आठवे भागही नाहीत. मी दुरुस्ती केली, चाचणी जोडली. अजून एका ओळीचंही उत्तर नाही. नको असेल तर तसं सांगा, पण सांगा.

---

भांडुपकर

तुम्ही म्हणता ते खरं आहे. मार्च ते मे कामावर गडबड होती आणि मी इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या अडचणी) उघडून बघणंच सोडलं होतं. तुम्ही स्वतःचा वेळ घालून काम केलंत आणि मी साधी पोचही दिली नाही. मनापासून क्षमस्व. आज रात्री बसून पूर्ण वाचली. चाचणी घेतलीय. एकच बदल सुचवतो: तुम्ही आउटपुटचं एन्कोडिंग आतून यूटीएफ-८ करून टाकलंय. ते वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमचं आहे, आलेखाच्या पॅकेजने त्याला हात लावू नये. त्याऐवजी छापायच्या आधी एन्कोडिंग विचारू आणि ही चिन्हं बसत नसतील तर तारे आणि वजाबाकीच्या खुणांवर उतरू. आलेख ओबडधोबड येईल, पण येईल. पटलं तर तुम्हीच बदला, नाव तुमचंच राहील.

---

अर्धविराम

पटलं. रविवारी करतो.

---

स्पर्श

मी हा धागा स्क्रीन रीडरने वाचतेय. मला दिसत नाही. नोकरीत रोज टर्मिनल वापरते आणि खरं सांगायचं तर टर्मिनल मला ब्राउझरपेक्षा जवळचं आहे, कारण तिथं सगळं मजकुरात असतं. म्हणून 'रेघ' उतरवून घेतलं आणि रेषेचा आलेख काढला.

वाचायला बसले तेव्हा काय झालं ते सांगते. आवाजात ऐकलं तर प्रत्येक घरागणिक "ठिपके एक चार, ठिपके एक चार" अशी शेकडो घरं. मध्ये थांबवलं. मग माझ्या ब्रेल डिस्प्लेवर (पडद्यावरचा मजकूर वर-खाली होणाऱ्या ठिपक्यांनी बोटाखाली देणारं यंत्र) बोट ठेवलं, चाळीस घरांची एक ओळ असते त्यावर. मराठी ब्रेलमध्ये ठिपके १ आणि ४ म्हणजे 'च'. तुमची रेषा घराच्या वरच्या कडेने सपाट जाते तिथं माझ्या बोटाला "चचचचचच" लागतं. तिसऱ्या ओळीत सपाट गेली की संयोगचिन्हं. ज्या ठिपक्यांनी मी सहाव्या वर्षी वाचायला शिकले, त्यांचाच हा आलेख, आणि मला त्यातलं काहीच कळलं नाही.

तक्रार म्हणून लिहीत नाही. हे ठिपके बारीक चित्रासाठी का सोयीचे आहेत ते तुमच्या पहिल्या पोस्टवरून समजलं. माझ्या दोन मागण्या आहेत. एक, ठिपके न छापता तोच आलेख चार वाक्यांत मिळावा: सुरुवात किती, शेवट किती, सर्वांत वर कधी, सर्वांत खाली कधी. आणि मागितलं तर साधी सारणी. दोन, एक प्रयोग. तुमचा आलेख दहा ओळी उंच आहे. माझ्या डिस्प्लेवर एका वेळी एकच ओळ येते, त्यामुळे वरचं घर आणि खालचं घर मला कधीच एकत्र लागत नाही. आलेख एकाच ओळीचा केला तर? उंची चारच ठिपके मिळेल, पण बोटाखाली अख्खा येईल.

---

जुनाजाणता

हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

---

भांडुपकर

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच कामाला लागलो. वर्षभर ब्रेलची चिन्हं वापरतोय आणि ती कुणी बोटाने वाचेल हा विचार माझ्या मनात आला नव्हता. आधी यायला हवा होता.

पहिली मागणी झाली आहे. 'शब्दांत' असा पर्याय दिला की एकही ठिपका छापला जात नाही. वाक्यं मराठीत आणि इंग्रजीतही. सारणीत एका ओळीत एकच तारीख आणि एकच आकडा ठेवलाय, चौकटीच्या रेघा मारल्या नाहीत, कारण त्याही वाचून दाखवल्या जातील असं वाटलं.

एका ओळीच्या आलेखाचा हिशोब असा केला. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. दोन दिवसांची सरासरी घेतली तर ६१ बिंदू. एका घरात दोन उभ्या रांगा, म्हणजे ३१ घरं. तुमच्या चाळीसमधली नऊ उरतात, त्यांत सुरुवातीला नाव बसेल. उंचीच्या चार पायऱ्या: पाव, अर्धा, पाऊण, भरलेला. दोन प्रकार केलेत. एकात तळापासून वरपर्यंत ठिपके भरलेले, दुसऱ्यात फक्त वरचा ठिपका. कुठला बोटाला कळतो ते तुम्हीच सांगू शकाल. भातसाच्या नावाने बनवलेले नमुन्याचे आकडे घातलेत, खरे नाहीत.

---

स्पर्श

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोन्ही वाचले.

भरलेला प्रकार मला नको. जुलैनंतर सगळंच भरून येतं, बोटाला नुसता खडबडीत पट्टा लागतो, कडा सापडत नाही. फक्त वरचा ठिपका असलेला प्रकार कळतो. डावीकडून बोट नेलं की बराच वेळ सगळं तळाशी चिकटून, मग एक पायरी, लगेच दुसरी, तिसरीवर थोडं रेंगाळून चौथी. मग शेवटपर्यंत वर. पाऊस लागला तो क्षण मला बोटाखाली सापडला, साधारण अकराव्या घराच्या उजव्या रांगेत. मी तीन वेळा मागे-पुढे बोट फिरवलं, खात्री करायला.

एक सुधारणा. डिस्प्लेवर एका घरातल्या दोन रांगांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर असतं, पण एका घरापासून पुढच्या घरापर्यंत सहाच्या वर. म्हणजे घराच्या आतली उडी जवळची लागते आणि दोन घरांमधली लांबची. सलग चढ बोटाला ठेचकाळत जातो. यावर तुम्ही काही करू शकणार नाही, यंत्रच तसं आहे. पण घरात एकच बिंदू ठेवण्याचा पर्याय दिलात तर अंतर सारखं होईल. चार दिवसांची सरासरी चालेल मला.

---

भांडुपकर

१२२ भागिले चार, साडेतीस, म्हणजे परत ३१ घरं. आजच टाकतो, शेवटच्या बिंदूत दोनच दिवस येतील.

---

प्रयोगवही

ताई, आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला अंधुकच दिसतं, ब्रेल शिकतेय. पर्जन्यमानाचा धडा पुढच्या महिन्यात आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच दिवशी कुलाब्याला पाऊणशेही नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर दोन पट्ट्यांनी दाखवतो. तिला ते नेहमी तोंडी सांगावं लागतं. शाळेत डिस्प्ले नाही, पण ब्रेल एम्बॉसर (कागदावर उठावाचे ठिपके छापणारं यंत्र) असलेल्या एका संस्थेत ओळख आहे. फाइल तशीच छापता येईल का?

---

स्पर्श

सर, आधी एम्बॉसर किती ठिपक्यांचा ते विचारा. बरेच सहा ठिपक्यांचे असतात, त्यांत खालचे ७ आणि ८ उमटणार नाहीत. भांडुपकर, तुम्हाला उंची तीन ठिपक्यांची करायचा पर्याय ठेवावा लागेल.

---

भांडुपकर

ठेवतो. नेमका तो ७-८ चा क्रम, ज्याने मला पहिल्या आठवड्यात रडवलं होतं, तोच इथं परत आला. सहा ठिपक्यांसाठी किमती १, २, ४ आणि ८, १६, ३२ एवढ्याच राहतील, कोड उलट सोपा होईल.

सर, पट्ट्यांचा आलेख एम्बॉसरला द्यायचा तर █ चालणार नाही, पट्टीही ठिपक्यांचीच करावी लागेल. ९४४ ला तीस घरं दिली तर कुलाब्याला सव्वादोन-अडीच घरं येतील. बोटाला फरक नक्की कळेल. रविवारी अर्धविराम यांचा बदल आला की दोन्ही एकत्र करून नवी आवृत्ती काढतो आणि ती फाइल तुम्हाला इथेच देतो. छापून झाली की त्या मुलीला पट्टी कुठं संपते ते सापडलं का, एवढं लिहा.